निकालाआधीचा चहा

आमच्या बाबांना एक, दोन, तीन म्हणता येत नाही. म्हणजे आकडे येतात, पण माईक हातात आला की येत नाहीत. जगातले सगळे भोंगेवाले सेट तपासताना "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणतात. बाबांचं म्हणणं असं, की त्यानं सेटला कंटाळा येतो. म्हणून ते मनात जे चाललं असेल ते सरळ माईकमध्ये बोलतात. कधी कालच्या लग्नातल्या रुसलेल्या मामाची नक्कल, कधी भाजीतल्या मिठाबद्दल तक्रार. शेडच्या दुसऱ्या टोकाला आई शिलाई मशीनवर बसलेली असते. ती तिथून ओरडते, "मीठ बरोबर होतं!" आणि बाबा समाधानानं सेट बंद करतात.

आमचा धंदा भाड्यानं देण्याचा. मंडप, कनाती, खुर्च्या, मोठाली पातेली, भोंगे आणि नवरा-नवरीला बसायला लाल मखमलीचं एक सिंहासन. त्याचा मागचा पाय हलतो, ते आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही. वस्तीवर कुणाचं लग्न ठरलं की मुलीच्या मामाच्या आधी आम्हाला कळतं, कारण मामा नसला तरी चालतो, खुर्च्या लागतातच.

या धंद्यात माझी कामं दोन. बाबा खांबावरून पडून पाय मोडून घेऊन बसले, तेव्हापासून भोंगे बांधायला खांबावर मी चढते. दुसरं काम आईच्या मागं बसायचं. कनातीचं कापड एवढं लांबलचक असतं की ते एकट्या माणसाला शिवताच येत नाही. एकानं सुईपुढे सरकवायचं आणि दुसऱ्यानं मागून ताणून धरायचं. ताणून धरायला मी. या दोन कामांपायी माझी शाळा सुटली, आणि कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या वस्तीवरच्या पोरींची शाळा कुठे ना कुठे सुटतेच. शेवटच्या परीक्षेपर्यंत एकही पोचलेली नव्हती.

मोठ्या बाईंना मात्र वाटलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या एकदा खुर्च्या सांगायला आल्या आणि मला खांबावर बघून खुर्च्या विसरल्या.

"शाळा अर्धी टाकून वर काय करतेस?" त्या खालून ओरडल्या.

"भोंगा बांधतेय," मी वरून म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मी खाली येईपर्यंत बाईंनी बाबांना पटवलं होतं. बाबांना पटवायला काही लागत नाही, ते कशालाही हो म्हणतात. आईला पटवायला बाईंना अख्खी दुपार लागली. शेवटी आईनं सुईतला दोरा तोडला आणि मला सांगितलं, "एकदा. एकदाच बसायचं परीक्षेला. पास झालीस तर जा शहरात, ते काय वायरिंगचं शिकायचंय ते शीक. नाही झालीस तर शाळेचं नाव काढायचं नाही. मला सारखं सारखं मन घट्ट करता येणार नाही."

मी परत वर्गात जाऊन बसले. माझ्यापेक्षा लहान पोरं मला ताई म्हणायची आणि माझ्या वहीतलं बघून लिहायची, म्हणजे त्यांचं पण नशीब फुटकंच. घरी अभ्यास व्हायचा तो आईच्या मागं कापड धरून, मांडीवर पुस्तक ठेवून. मी मोठ्यानं वाचायची, मशीन खडखडायचं, त्यामुळे मी आणखी मोठ्यानं वाचायची. भाषेचा अभ्यास मी केला नाही. जन्मल्यापासून बोलतेय ती भाषा, तिचा काय अभ्यास करायचा? सगळा जोर गणितावर. गणित मला येत नव्हतं आणि ते आईलाही कळलं होतं, कारण ऐकून ऐकून काही उदाहरणं तिला माझ्या आधी यायला लागली.

निकाल दुपारी फोनवर लागणार होता. त्या सकाळी माझा चहा कपातच गार झाला. मी शेडच्या मागच्या कोपऱ्यात वायरींची वेटोळी करत बसले. केलेली वेटोळी सोडवून परत केली. आई मशीनवर होती आणि सुई कापडाच्या बाहेरच जास्त चालत होती. बाबा तेवढे मजेत. त्यांनी नवा माईक जोडला होता आणि तो तपासायचा होता. मनात काय चाललं होतं हे तर उघडच होतं.

"लक्ष द्या, लक्ष द्या, लक्ष द्या!" बाबांनी सुरू केलं. शेडमधला पेटीचा स्पीकर घुमला. "आपणा सर्वांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, भोंगेवाल्यांची एकुलती एक कन्या, खांबावर चढण्यात पटाईत, बोलण्यात त्याहून पटाईत, शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली आहे! आपल्या वस्तीतली पहिली पोरगी! टाळ्या! तरी सर्वांनी आमच्या शेडवर चहाला यावे. लहानथोरांनी यावे. रुसलेल्यांनी आधी यावे. हेच आमंत्रण समजावे, घरी कुणी सांगायला येणार नाही!"

"निकाल लागू तरी द्या," आई म्हणाली, पण ती हसत होती. मीही हसले. शेडमध्ये आम्ही तिघंच होतो, कुणाला काय कळणार होतं?

कळणार होतं ते असं. आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चार दिशांना चार भोंगे बांधले होते. ते बाबा "उद्या काढू" म्हणाले होते. टाकीपासून शेडपर्यंतची वायर "उद्या गुंडाळू" म्हणाले होते. आणि ज्या सेटला नवा माईक जोडला होता, त्याच सेटला ती वायर लावलेली होती. पेटीचा स्पीकर कानाशी एवढा बोंबलत होता की बाहेरचं आम्हाला काही ऐकूच आलं नाही.

सगळ्यात आधी गिरणीवाली मावशी आली. अंगावर पीठ, भुवयांवर पीठ, पळत पळत. तिनं मला असं कवटाळलं की मीही पांढरी झाले.

"पास झालीस गं माझे बाई! गिरणी चालू टाकून आलेय बघ!"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी सेटकडे बघितलं. मग सेटच्या मागून निघालेल्या वायरीकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी," मी म्हणाले, "अजून—"

"अजून चहा नाही टाकला? मी टाकते!" म्हणून ती पातेलं घ्यायला गेलीसुद्धा. पातेली कुठे असतात हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, हीच तर पंचाईत. आमचं सामान वर्षानुवर्षं वापरून वापरून वस्तीतल्या प्रत्येकाला मंडप उभारता येतो. शेडच्या दारात माणसं दिसायला लागली. त्यांनी आम्हाला विचारलं नाही की काही नाही. न्हाव्यानं खुर्च्या काढल्या, दूधवाल्यानं खांब धरले, शिंप्याच्या दोन्ही सुनांनी प्लॅस्टिकच्या फुलांची कमान आणून दारात लावली आणि मग उलटी लागली म्हणून परत काढून लावली. बघता बघता आमच्याच अंगणात आमचाच मंडप उभा राहिला, तोही आम्ही उभारतो त्यापेक्षा सरळ.

मला धरून सिंहासनावर बसवलं. एरवी त्यावर बसलं की बाबा ओरडतात, भाड्याचं आहे म्हणून. सिंहासनानं मागचा पाय टाकला, मी एका बाजूला कलले, आणि लोकांना वाटलं मी लाजतेय.

"सांगा ना त्यांना!" मी बाबांना दात आवळून म्हणाले.

"सांगतो. आत्ता सांगतो." बाबांनी माईक घेतला. "मंडळी, एक छोटीशी दुरुस्ती आहे..." सगळे वळले. सगळ्यांच्या तोंडभर हसू. म्हातारा न्हावी तर डोळे पुसत होता. बाबा म्हणाले, "दुरुस्ती अशी की, चहाबरोबर बिस्किटंही आहेत."

टाळ्या पडल्या. बिस्किटं नव्हती. दुकानदार उठला आणि आपल्या दुकानातून खोकंभर घेऊन आला. आता त्यालाही काय सांगणार?

मी आईकडे बघितलं. ती चुलाण्यापाशी उभी होती, हातात एवढा मोठा डाव, आणि बाबांकडे अशा नजरेनं बघत होती की मी बाबा असते तर घर सोडलं असतं. पण चहा ढवळणं थांबलं नव्हतं. आलेल्या माणसाला चहा न देता पाठवणं तिच्यानं होणारच नव्हतं.

खरं सांगते, भीती वाटत होती, पण मजाही वाटायला लागली होती. माझ्यासाठी एवढी माणसं कधी आली नव्हती. मी जन्मले तेव्हाही नाही. जी माणसं "पोरीची जात, कशाला शिकवता" म्हणून बाबांना टोकायची, तीच आता एकमेकांना सांगत होती की ही लहानपणापासूनच हुशार. दूधवाला म्हणाला, मी रांगत असतानाच त्यानं ओळखलं होतं. कशावरून, ते त्यानं सांगितलं नाही. शिंप्याची धाकटी सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मला पण सांगाल का, अर्धी सोडलेली शाळा परत धरता येते का?" आणि मी सिंहासनावर बसून ऐटीत म्हणाले, "येते की!" एवढे सगळे म्हणतायत तर झाले असेन पास, असं मला मनापासून वाटायला लागलं.

तेवढ्यात स्कूटर आली. मोठ्या बाई. त्यांच्या घरापर्यंत भोंगा पोचला होता. त्यांनी मंडप बघितला, कमान बघितली, तिरप्या सिंहासनावर तिरपी मी बघितली.

"निकाल तर अजून लागायचाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मनानं."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि फोन काढला. म्हणाल्या, लागतच असेल आता. फोनला रेंज नव्हती. आमच्याकडे रेंज उंचावर मिळते, म्हणून त्या माझ्या शेजारी सिंहासनावर चढल्या. मीही उभी राहिले. लोकांना वाटलं बाई भाषण करणार. सगळे गप्प झाले, लेकरांना गप्प केलं, आणि बाई हात आभाळाकडे करून फोन धरून उभ्या. कुणीतरी म्हणालं, "केवढ्या भारावल्यात!"

पान उघडलं ते वरून खाली, एकेक ओळ करत. पहिलं विज्ञान. पास. मग समाजशास्त्र, पास. मग ओळ अडकली. गोल गोल फिरत राहिली. मी बाईंचा दंड धरला होता, त्यांना दुखत असेल. मग एकदम गणित आलं.

गणितात मी पास होते!

मी अशी किंचाळले की कमान हलली. बाईंना मिठी मारली, सिंहासन कलंडलं, आम्ही दोघी न्हाव्याच्या अंगावर पडलो आणि तोही हसतोय, बाईही हसतायत, मावशीनं पिठाचे हात उडवले, बाबा एक पाय लंगडत नाचायला लागले. "गणित!" मी आईला ओरडून सांगितलं. "आई, गणित!" आईनं डाव तसाच वर धरला आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मी तो त्याआधी कधी बघितला नव्हता. एका लेकरानं नाचता नाचता बिस्किटांच्या खोक्यात पाय घातला तरी कुणी रागावलं नाही.

बाई उठल्या, फोनवरची धूळ पुसली आणि त्यांचं हसू थांबलं. शेवटची ओळ आली होती. भाषा. भाषेत मी नापास.

"भाषेत?" मी म्हणाले. "माझी भाषा?"

"तुला तो पेपर सोपा गेला होता ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काय लिहिलंस? निबंध कोणता घेतलास?"

निबंध मी कोणताच घेतला नव्हता. आधी जाहीर सूचना लिहा असा प्रश्न होता, शाळेच्या कार्यक्रमाची. चार ओळींत लिहायची असते म्हणे. मला ती बाबांच्या आवाजात ऐकू यायला लागली आणि माझा हात सुटला. लक्ष द्या तीनदा. टाळ्यांसाठी जागा. रुसलेल्यांना वेगळं आमंत्रण. हरवलेल्या लेकराचं वर्णनसुद्धा घातलं, कारण गर्दी म्हटली की लेकरू हरवतंच. मी पानामागून पान लिहीत सुटले, इतकं रंगून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, आणि शेवटी सामानाची मोजदाद करून मंडप उतरवत होते तेव्हा घंटा झाली. तो माझा सगळ्यात चांगला पेपर, असं मी घरी सांगितलं होतं.

"पुरवणी परीक्षा असते," बाई म्हणाल्या. "एवढा एकच विषय. पुन्हा बसायचं."

पुन्हा. तो शब्द आमच्या घरात चालणार नव्हता.

बाबा नाचत नाचत आमच्यापाशी आले आणि आमची तोंडं बघून थांबले. त्यांना सांगायला लागलं नाही. ते माझ्या कानाशी आले. "आज काही बोलू नको. चहा होऊ दे. इथं कोण कागद बघायला येतंय?"

खरंच कुणी आलं नसतं. पण मंडपाच्या कडेला शिंप्याची धाकटी सून दोन-तीन जणींना काहीतरी समजावत होती, हातवारे करत, मधूनच माझ्याकडे बोट दाखवत. आणि आई कपात चहा ओतत होती, गणित गणित म्हणत, प्रत्येकाला. तिला आज खोटं सांगायचं आणि उद्या खरं? मला ते जमेना. मी बाबांच्या हातातला माईक घेतला.

"मी नापास झालेय," मी म्हणाले. चार भोंग्यांतून ते टाकीवरून परत माझ्याकडे आलं. "एका विषयात. भाषेत. बाबा सकाळी नुसता सेट तपासत होते. चहा मात्र खरा आहे."

मागच्या रांगेत सवयीनं दोन टाळ्या वाजल्या आणि शरमून थांबल्या. मावशी म्हणाली, "अगं, पण आत्ता तर पास झालीस!" कुणी हसलं नाही. दुकानदारानं हातातलं बिस्कीट खावं की ठेवावं ते न कळून तसंच धरलं. मी आईकडे बघत होते. दुसरीकडे बघायला मला सुचलंच नाही.

आईनं डाव पातेल्यावर आडवा ठेवला. हात पदराला पुसले आणि खुर्च्यांच्या मधून चालत आली. आमच्या घरात इतकी वर्षं माईक आहेत, पण तिनं कधी एकालाही हात लावला नव्हता. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि अगदी ओठांशी धरला. भोंगे केकाटले. बाबा तो जरा लांब धरायला सांगायला पुढं झाले आणि तिच्याकडे बघून मागं झाले.

"मी हिची आई," ती म्हणाली. "मला मंडळी-बिंडळी म्हणता येत नाही. पोरगी गणितात पास आहे. ते सगळ्यांनी नीट ऐका. गणितात! राहिलाय तो भाषेचा विषय. ही किती बोलते ते तुम्हाला माहीत आहे, तर तोही निघेल. परीक्षा परत असते. मी हिला सांगितलं होतं, एकदाच बसायचं. ते चुकलं माझं. ही परत बसणार. आणि लागलं तर आणखी परत." तिला दम लागला. "तोवर कनाती मी एकटी शिवणार. शिवण वाकडी येईल. ज्याला वाकडी चालत नसेल त्यानं उघड्यावर लग्न करावं. आणि ज्यांनी चहा घेतलाय त्यांनी उगाच परत करू नये."

सगळ्यात आधी न्हावी हसला, मग मावशी, मग सगळेच, आणि त्या टाळ्या सकाळपासूनच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. शिंप्याची सून तर खुर्चीवर चढून वाजवत होती. बाबा एका हातानं डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते, ती पाठ बाईंची होती हे त्यांना नंतर कळलं.

आईनं माईक बाबांच्या हातात दिला. मला जवळ ओढलं आणि एवढं गावाला सांगून झाल्यावर विचारलं, "तुला ऐकू आलं ना गं?"

मी हो म्हणाले. तरी तिनं मला ते परत एकदा सांगितलं.